छोटा हत्ती

पहिलं खोकं पुस्तकांचं भरलं. चिकटपट्टी सकाळी लावू म्हणून रात्री ते तसंच भिंतीशी ठेवलं आणि सकाळी सातला पाहिलं तर रिकामं. अडीच वर्षांच्या धाकटीने पुस्तकं एकेक करून बाहेर काढली होती, फरशीवर आगगाडीसारखी लावली होती आणि स्वतः आत बसून सहा वर्षांच्या दादाला सांगत होती, "ढकल."

अमेरिकेत रॉचेस्टरच्या खेळण्यांच्या संग्रहालयाने 2005 साली साध्या पुठ्ठ्याच्या खोक्याला खेळण्यांच्या मानकऱ्यांत बसवलं. कर्वेनगरच्या त्या दोन खोल्यांत हे कुणाला सांगायची गरज नव्हती. किराणा दुकानातून आणलेलं खोकं सामान भरायला उपयोगी पडायच्या आधी बस, बोट, दवाखाना आणि एकदा शंकराचं देऊळ होऊन यायचं. तोवर त्याचा तळ गेलेला असायचा.

मुलांची आई घरी बसून काम करते. 'घरी बसून' म्हटलं की ऐकणाऱ्याला त्यातलं 'बसून' तेवढं ऐकू येतं, असा तिचा अनुभव. ती मुद्रितशोधक आहे. पुस्तकं वर्षभर असतात, पण खरा हंगाम ऑगस्टच्या शेवटापासून दसऱ्यापर्यंत, दिवाळी अंकांचा. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी मुद्रितशोधकाचा सप्टेंबर कधी मोकळा गेलेला नसावा. मजकूर आता फोनवर येतो. ती मात्र कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आणते आणि लाल पेनाने वाचते. पडद्यावर चूक दिसते, पण कागदावर ती सापडते, असं तिचं म्हणणं.

कामाचं टेबल आणि जेवणाचं टेबल एकच. कामाच्या वेळाही उसन्याच. दुपारी एक ते तीन धाकटी झोपते तेव्हा, आणि रात्री दहानंतर. ऑगस्टमध्ये घर सोडायचं ठरलं, तेव्हा लक्षात आलं की सामान बांधायलाही नेमक्या याच वेळा आहेत. मुलं जागी असताना भांडं कागदात गुंडाळलं की ती ते लगेच उलगडून बघत. एका हाताने गुंडाळायचं, दुसऱ्याने उलगडू द्यायचं, असं दोन दिवस करून तिने नाद सोडला. म्हणजे दुपारचे तेच दोन तास आणि त्यांचे दोन मालक, दिवाळी अंक आणि खोकी. टेम्पो काय, पैसे टाकले की येतो. लेकराची झोप कुठून मागवणार?

घर सोडायचं कारण आजच्या पुण्यात नवं नाही. चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली, ऐंशीच्या दशकातली इमारत पुनर्विकासाला गेली होती. सहकार कायद्याच्या कलम 79(अ)खाली राज्य सरकारने 2009 साली पुनर्विकासाचे निर्देश काढले, 4 जुलै 2019 रोजी ते सुधारले आणि तीन चतुर्थांश सभासदांच्या संमतीची अट 51 टक्क्यांवर आणली. जिन्यात भेटणारी मंडळी वर्षभर हेच आकडे बोलत होती. सभासदांना विकासकाकडून दरमहा भाडं, सामान हलवायचा खर्च आणि पुढे मोठं घर मिळणार होतं. भाडेकरूला मिळतो निरोप. मालककाका भले गृहस्थ. त्यांनी सहा आठवडे आधी, स्वतः येऊन, चहा घेऊन सांगितलं. "तुमच्यासारखे भाडेकरू मिळणार नाहीत," असंही म्हणाले. ते खरंही असेल, पण त्याने घर मिळत नाही.

त्यात अडचण अशी की इमारत रिकामी करणारे सभासदही त्याच परिसरात घर शोधत होते आणि त्यांचं भाडं विकासक भरणार होता. "आता कर्वेनगर विसरा, ताई," असं पहिल्या एजंटने फोनवरच सांगून टाकलं. थोरल्याची शाळा बदलायची नाही, नवऱ्याला चाकणच्या कंपनीची बस पहाटे सव्वापाचला गाठायची, या दोन खुंट्यांना दोरी बांधली तेव्हा मध्ये वारजे आलं. कंपनीची बस महामार्गावरून जाते, तो वारज्यातूनच जातो. अंतर साडेतीन किलोमीटर. नकाशावर बोटाचं एक पेरही नाही. पण शाळेच्या रिक्षावाल्या काकांनी "तिकडं आपली फेरी नाही" म्हटलं, तेव्हा ते अंतर एकदम मोठं झालं.

घरं बघायला मुलांना घेऊनच जावं लागे. दार उघडणाऱ्याची नजर आधी मुलांवर पडायची, मग भिंतींवर. "रंग नुकताच दिलाय," हे वाक्य तिला सात घरांपैकी पाच घरांत ऐकू आलं. आठव्या घराच्या मालकीणबाईंनी भिंतींचं काही काढलं नाही, धाकटीच्या हातावर खडीसाखर ठेवली आणि घर ठरलं. भाडं दोन हजारांनी जास्त होतं. खडीसाखर स्वस्त पडली नाही, असं नवरा पुढे बरेच दिवस म्हणत होता.

करार करायला एक तरुण मुलगा लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. महाराष्ट्रात 1999च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55प्रमाणे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. एकूण भाडं आणि त्यात अनामत रकमेवरचं 10 टक्के व्याज धरून त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क, वर शहरात 1,000 रुपये नोंदणी फी. हे सगळं आता जेवणाच्या टेबलावर उरकतं. यंत्राचा लाल दिवा बघून धाकटीने आपलाही अंगठा पुढे केला. तो घेतला नाही म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी त्या मुलाने यंत्र बंद करून तिचा अंगठा त्यावर टेकवला आणि "झाली नोंदणी, मॅडम" म्हणाला. तिकडे आई सवयीने कराराचा मसुदा लाल पेनाने वाचत होती. 'सदर मिळकत सुस्तितीत परत करावी.' तिने 'स्थि' केलं. 'दोष' असायला हवा तिथे 'दोश' होतं, तेही केलं. मुलगा म्हणाला, "ताई, हा आम्ही गेली चार वर्षं वापरतोय. कुणी काही बोललं नाही."

थोरल्याचे प्रश्न निराळे होते. त्याला काय येणार आणि काय राहणार, याची यादी हवी होती. फ्रिज येणार? येणार. पंखा? पंखा मालककाकांचा. नळ? मालककाकांचा. खिडकीतला चिमण्यांचा आवाज? ट्यूबलाइटमागची पाल? तो घरभर फिरून वस्तूंना हात लावायचा आणि स्वतःशीच "आपलं", "काकांचं" असं म्हणत जायचा. दुसऱ्या दिवशी त्याने हिशेब सांगितला की, घरातलं जे हलतं ते आपलं आणि जे हलत नाही ते काकांचं. आईने तो तपासला. गॅसची शेगडी, देव्हारा, कपाटं, सगळीकडे बरोबर निघाला. मग त्याने विचारलं, "आपण हलतो म्हणून आपण आपले का?" त्या वेळी ती पान 64वर होती. "हो," म्हणाली आणि पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा लागला.

एक गोष्ट तिला उशिरा सुचली. ही इमारत पाडणारच आहेत, तर या भिंती आता कुणाच्याच नाहीत. सहा वर्षं ज्या भिंतींपासून तिने पोरांना ओरडून लांब ठेवलं, त्या आता कशाही रंगवल्या तरी चालणार होत्या. मालककाकांनाही विचारलं, तेही हसून "खुशाल" म्हणाले. तिने खडूची पेटी उघडून मुलांपुढे ठेवली. धाकटीने तासाभरात अर्धी भिंत निळी केली. थोरला मात्र खडू हातात धरून उभा राहिला. "काका रागावतील." नाही रागावणार, विचारलंय त्यांना. "मग आधी का रागवायचे?" काका कधीच रागावले नव्हते. त्यांच्या नावाने तीच रागवायची. तो खडू पेटीत परत ठेवून निघून गेला आणि कागद घेऊन टेबलाखाली चित्र काढत बसला. त्याला भिंतीवर काढायला लावायचा तिने पुन्हा प्रयत्न केला नाही. त्या दुपारी काम मात्र झालं नाही तिच्या हातून.

काम होतं ते असं. जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना अक्षरं निखळतात आणि सगळ्यात आधी जातो तो अर्धा र. 'आचाऱ्यांना दक्षिणा' आणि 'आचार्यांना दक्षिणा' यांत माणूस बदलतो. एक स्वयंपाकघरातला, एक व्यासपीठावरचा. एका कथेतल्या खेड्याभोवती 'दर्या' होता. खेडं सातारा जिल्ह्यातलं, तेव्हा तिथे समुद्र नसून दऱ्या असणार. असं एकेक वेचत जायचं. 1962चे चौदा आणि 1972चे चार, असे शुद्धलेखनाचे अठरा नियम तिला झोपेत विचारले तरी येतात. त्या महिन्यात झोपेतच विचारावे लागले असते.

खोक्यांवर काय आहे ते लिहायचं काम थोरल्याने मागून घेतलं. पहिलीतल्या मुलाला मोठा काळा मार्कर मिळणं ही बढतीच. त्याने मन लावून लिहिलं. 'कपडे', 'पुस्तके', 'देव', आणि पाच खोक्यांवर 'भाडी'. अनुस्वार नव्हता. आईचा हात आपोआप गेला. एकेका 'भा'वर टिंब देताना तिला हसू आलं. भाड्याच्या घरातून भाड्याच्या घरात चाललेल्या बिऱ्हाडाची खरी मोजदाद तर पोराने केली होती. चार खोक्यांवर टिंब पडलं. पाचवं कपाटामागे होतं, ते सुटलं. छपाईत हेच होतं. कितीही वाचा, एक चूक मागे लपून बसते आणि अंक हातात आल्यावर पहिल्यांदा तीच दिसते.

या धावपळीत भांडी घासायला येणाऱ्या मावशींकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांची या एकाच इमारतीत पाच घरं होती. सोळा बिऱ्हाडं सोळा दिशांना गेली की त्यांची पाचही कामं एका महिन्यात जाणार. सभासदांना भाडं मिळतं, भाडेकरूला निरोप तरी मिळतो. मावशींना कुलूप दिसतं. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008चा आहे आणि मावशींकडे मंडळाचं कार्डही आहे, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. पण नवी घरं कार्ड देत नाही. "वारज्याला येऊ का?" त्यांनी विचारलं. बस बदलून, एका घरासाठी. परवडणार नव्हतं, ते दोघींनाही माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात त्यांनी पगारातलं नसलेलं काम केलं. दुपारी तासभर थांबून धाकटीला थोपटलं, की ती जास्त वेळ झोपावी.

टेम्पो पितृपक्षात स्वस्त मिळत होता. "या दिवसात कुणी घर हलवत नाही, ताई. आत्ता न्या, हजार रुपये कमी करतो," टेम्पोवाला म्हणाला. ती तयार होती. साताऱ्याहून सासूबाईंचा फोन आला आणि हजार रुपये गेले. 21 सप्टेंबरला सर्वपित्री, 22ला घट बसणार, तेव्हा 28चा रविवार ठरला. तिच्या मनातल्या वहीत दुसरी तारीख होती. 30ला शेवटची 40 पानं छापखान्यात जायची होती.

इमारतीतला शेवटचा भोंडला घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी झाला. बऱ्याच घरांत पडदे उतरले होते, दोन घरं रिकामी झाली होती, त्यामुळे बायका नेहमीपेक्षा कमी आणि आवाज मात्र जास्त. पाटावर तांदळाने हत्ती काढला. हस्त नक्षत्राचा म्हणून हत्ती. सूर्य हस्तात जातो तो सप्टेंबरच्या शेवटी, तेच हे दिवस. फेर धरला, गाणी झाली, मग खिरापत ओळखायचा खेळ. डबा कानाशी धरून हलवायचा, आवाजावरून अंदाज बांधायचा. गोड का तिखट? ओलं का कोरडं? धाकटीला खिरापतीपेक्षा तो झाकलेला डबा जास्त आवडला. ती घरभर तेच करू लागली. बांधलेलं खोकं दिसलं की त्याला कान लावायचा आणि विचारायचं, "गो का ती?"

त्याच रात्री नवऱ्याने फोनवर टेम्पोवाल्याला विचारलं, "मोठी गाडी आणताय की छोटा हत्ती?" छोटा हत्ती म्हणजे टाटाची ती चिमुकली मालगाडी. तीही 2005 सालीच आली, खोक्याच्या सन्मानाच्या वर्षी, हा योगायोग तिने मनात नोंदवून ठेवला. एक टनाहून कमी भार नेणारी, गल्लीबोळात वळणारी. पुण्यात घर हलवलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या पलंगाने तिच्यातून प्रवास केलेला असतो. पण धाकटीने ऐकलं ते एवढंच की रविवारी छोटा हत्ती येणार. पाटावरचा तिने पाहिलाच होता. आता खरा येणार होता. तीन दिवस ती जिन्यात, दुकानात, रिक्षात सांगत सुटली. हत्तीसाठी तिने अर्धी पोळीसुद्धा राखून ठेवली. तिला खरं काय ते सांगावं, असं थोरल्याचं मत होतं. आईला धीर झाला नाही. आईकडे वेळही नव्हता.

रविवारी पाऊस होता. हस्ताचा पाऊस म्हणजे सरळ कोसळणारा. सकाळी साडेआठला गाडी दाराशी लागली आणि धाकटी पोळी घेऊन खाली गेली. तिने गाडी पुढून पाहिली, मागून पाहिली, खाली वाकून पाहिली. मग जे भोकाड पसरलं, ते चौथ्या मजल्यावर ऐकू गेलं. ड्रायव्हर घाबरला. "ताई, लागलं का काही?" कारण कळल्यावर तो हसला नाही, हे विशेष. त्याने पोळी हातात घेतली, गाडीच्या पुढच्या जाळीत खोचली आणि गंभीरपणे म्हणाला, "ह्याला चालायला लागलं की भूक लागते. आत्ता ठेवूया, वारज्यात खाईल." तिला ते पटलं की नाही कोण जाणे. रडणं थांबलं.

दोन खेपा लागल्या. ताडपत्री एक आणि गळती दोन ठिकाणी. हमालांपैकी एकाने पाठीवर खोकं घेता घेता विचारलं, "ताई, ह्यात भाडी भरलीत होय? वजन लई लागतंय." पाचवं खोकं! ती दारातच बसली हसत. दुपारी स्वयंपाकघर गाडीत होतं आणि पोरं भुकेली. हमालांमधल्या वयस्कर बाबांनी आपला पुडा उघडला. हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर'मधली झुणका-भाकर. बाबा आढावांच्या पुढाकाराने 1974 साली सुरू झालेलं ते केंद्र तिला वर्तमानपत्रापुरतं माहीत होतं. चव पहिल्यांदाच कळली. थोरल्याने भाकरी मोडून विचारलं, "ही आपली की ह्यांची?" बाबा म्हणाले, "खाल्ली की ज्याची त्याची."

एक पिशवी मात्र कुठल्याच खेपेत गेली नाही, ती दिवसभर तिच्या खांद्यावर होती. तीत आधारकार्डं, करार, मुलांच्या लसींची कार्डं, तापाचं औषध, लॅपटॉप आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली 40 पानं. थोरल्याचा पाच-सहा वर्षांचा बूस्टर डोस राहिला होता, तो याच आठवड्यात द्यायचा होता. ते कार्ड खोक्यात गेलं असतं तर दिवाळीनंतर सापडलं असतं. हे तिला आधीच्या घरबदलात शिकायला मिळालं होतं. त्या वेळी हरवलं ते लग्नाचं प्रमाणपत्र, आणि त्याच्यावाचून काही अडलं नव्हतं.

वारज्याच्या घरात संध्याकाळी दिवा लागला तेव्हा खोक्यांची गल्ली झाली होती. टेबल उलटं होतं, पाय वर. धाकटी दुपारी झोपलीच नव्हती, म्हणून साडेसातलाच गादीवर आडवी झाली, हातात हत्तीची राहिलेली पोळी. आईला तीन तास मोकळे मिळाले. इतके सलग तास तिला महिनाभरात मिळाले नव्हते. तिने एका खोक्यावर पानं ठेवली, दुसऱ्यावर बसली आणि पान 113 काढलं. नवरा वरणभातासाठी कुकर शोधत होता. कुकर सापडला. शिटी नव्हती.

"कुठल्या खोक्यात असेल?"

कुठल्याही. 43 खोकी होती. तिने मान वर न करता सांगितलं, भांड्यांची चार बघ. त्याने बघितली. नव्हती. मग थोरला उठला, कोपऱ्यातल्या टिंब नसलेल्या खोक्याला त्याने कान लावला आणि दोन्ही हातांनी ते गदागदा हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं.

"गोड का तिखट?" नवऱ्याने विचारलं.

"थांब," थोरला म्हणाला, "परत हलवतो."